मोठ्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी बॅकअपची कोणती पद्धत निवडावी?

आपला पोस्टग्रेस डेटाबेस दोन टेराबाइटांच्या पुढे गेला आहे, रात्री सुरू केलेला पीजी-डम्प (सगळी माहिती एका फायलीत उतरवून घेणारे पोस्टग्रेसचे साधन) सकाळी कामकाज सुरू होईपर्यंत संपत नाही, तर आता काय करावे, असे आपण विचारले आहे. साधन निवडण्याआधी दोन गोष्टी वरिष्ठांकडून लेखी घ्याव्यात: किती मिनिटांची माहिती गेली तर चालेल, आणि सेवा किती तासांत पूर्ववत व्हायला हवी. एक गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट येतात, म्हणजे दोन टेराबाइट नुसते परत आणायलाच पाच तास लागतात. डम्पमधून रिस्टोअर करायचे तर सगळे इंडेक्स (माहिती पटकन शोधण्यासाठीच्या सूची) नव्याने बांधण्याचा वेळ वेगळा.

म्हणून पीजी-बॅकरेस्टने (डेटाबेसच्या फायलींचीच थेट प्रत घेणारे साधन) आठवड्याला एक पूर्ण बॅकअप, रोज इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप) आणि वॉल फायलींचे (पोस्टग्रेस प्रत्येक बदल ज्यांत नोंदवते त्या फायली) अखंड आर्काइव्हिंग, म्हणजे दुसरीकडे जतन, अशी व्यवस्था मी सुचवेन. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी कोणी ‘व्हेअर’ ही अट न लिहिता ‘डिलीट’ चालवून तक्त्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या, तर या व्यवस्थेमुळे २ वाजून ९ मिनिटांच्या स्थितीवर परत जाता येते. रेप्लिकेवर (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी दुसरी प्रत) मात्र विसंबू नये, कारण ते ‘डिलीट’ तिच्यापर्यंतही क्षणात पोहोचते.

आर्काइव्हिंगकडे विशेष लक्ष द्यावे, हे मी अनुभवाने सांगतो. आमची आर्काइव्हची स्क्रिप्ट ‘एक्झिट ०’ या ओळीने, म्हणजे काहीही झाले तरी ‘काम यशस्वी’ असे सांगून, संपत होती. बॅकअपची डिस्क भरली आणि कॉपी होईना, तरी पोस्टग्रेसला दर वेळी काम झाल्याचाच निरोप जात राहिला आणि त्याने त्या वॉल फायली काढून टाकल्या. चाचणी म्हणून रिस्टोअर करायला घेतले तेव्हा मधली एक फाईल सापडेना, आणि पुढच्या शेकडो फायली शाबूत असूनही रिस्टोअर तिथेच थांबले.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची फाईल-डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा पीजी-डम्पची आवृत्ती जुळत नसल्याने त्यांचे डम्प तयारच होत नव्हते, असे उघडकीस आले. अपयशाच्या ईमेलही कोणाला मिळत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे (डिस्कची त्या क्षणाची प्रत) त्याआधीची माहिती वाचली.

तेव्हा महिन्यातून एकदा वेगळ्या यंत्रावर पूर्ण रिस्टोअर करावे, शेवटच्या व्यवहाराची वेळ तपासावी आणि लागलेले तास नोंदवून ठेवावेत. ते ठरलेल्या मर्यादेच्या जवळ येऊ लागले, की जोडणी वाढवावी किंवा जुनी माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवावी.