उताराकडे तोंड करून लावलेली गाडी

जुनी, जिवापाड जपलेली मोटारसायकल देऊन नवं मॉडेल घ्यावं का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून दोन-चारदा तरी येतो. सहसा सरळ येत नाही. माणूस येतो तो झोप लागत नाही म्हणून, घरात खटके उडतात म्हणून, आणि बोलता बोलता गाडी मधे येऊन उभी राहते. एक गृहस्थ मात्र थेट हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची गोष्ट सांगते.

‘मॅडम, तुम्ही हसाल,’ खुर्चीत बसायच्या आतच ते म्हणाले.

वय 54. गाडी 350 सीसीची, एका सिलिंडरची, 26 वर्षं त्यांच्याकडे. त्याच नावाचं नवं मॉडेल आलं होतं आणि शोरूमवाला जुनी घेऊन नवी द्यायला तयार होता, फक्त महिनाअखेरपर्यंत. बायको म्हणत होती, देऊन टाका, जिन्याखालची जागा तरी मोकळी होईल. नोकरीसाठी बाहेरगावी असलेली मुलगी फोनवर रडवेली होऊन म्हणत होती, ‘बाबा, विकायची नाही हं.’ आणि यांनी एक वही केली होती. मधे रेघ मारून एका बाजूला नवीचे मुद्दे, दुसऱ्या बाजूला जुनीचे. नवीचे 17, जुनीचे 4.

‘सतरा विरुद्ध चार. तरी फॉर्मवर सही होत नाही. महिनाभर.’

ही वही मी बऱ्याच जणांकडे पाहिलेली आहे. पारडं इतकं एकीकडे झुकलेलं असूनही माणूस जागचा हलत नसेल, तर अठरावा मुद्दा शोधण्यात अर्थ नसतो. जे अडलंय ते वहीत उतरलेलंच नसतं.

माहिती त्यांच्याकडे माझ्या दसपट होती. मला स्वतःला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. त्यांनीच मला शिकवलं, की एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ती बाजारातल्या मोटारसायकलवर पहिल्यांदा 1988 साली बीएमडब्ल्यूच्या के100 वर आली. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेच्या अभ्यासात, एबीएस असलेल्या गाड्यांच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाड्यांपेक्षा 22 टक्क्यांनी कमी निघालं, हेही त्यांना पाठ होतं. ‘माझीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. ओल्या रस्त्यावर देवाचं नाव घेऊन दाबायचा.’ मग लगेच, जणू गाडी ऐकतेय अशा आवाजात, ‘पण कार्ब्युरेटर स्क्रू-ड्रायव्हरने ऐकतो हो. नवीचं फ्युएल इंजेक्शन बिघडलं, तर मी काय करणार? कॉम्प्युटर लावून बघा म्हणतात.’

इथे मी एक चूक केली. त्यांना कपांचा प्रयोग सांगितला. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे कप दिले आणि बाजार मांडला. ज्यांच्या हातात कप होता ते विकायला जी किंमत मागत, ती कप न मिळालेले जी किंमत मोजायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट होती. वस्तू आपली झाली की तिचं मोल आपल्यालाच जास्त वाटू लागतं, असा त्याचा अर्थ.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘त्या पोरांकडे कप किती वेळ होता?’

‘काही मिनिटं.’

‘मग बरोबर आहे. कप काही त्यांच्या बायकोला बाळंतपणाला घेऊन गेला नव्हता.’

त्यांचं म्हणणं खरं होतं. अशा प्रयोगांनी माणसाचा अडाणीपणा दाखवता येतो, दुःख दाखवता येत नाही. त्या दिवशी मी त्यांना दोनच गोष्टी सांगून घरी पाठवलं. एक, महिनाअखेर शोरूमची आहे, तुमची नाही, ती जाऊ द्या. अशा ऑफर परत येतात, आणि नाही आली तरी घाईत केलेल्या सहीचा सल त्यापेक्षा महाग पडतो. दुसरं, 14 दिवस एक नोंद ठेवा. गाडी कधी काढली, कुठे गेलात, निघताना कसं वाटत होतं, परतताना कसं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, फक्त लिहायचं.

दोन आठवड्यांनी आले तेव्हा नोंदवही नीटनेटकी होती. 14 दिवसांत गाडी पुसली 9 वेळा. काढली 3 वेळा.

‘तुम्हाला हे माहीत होतं?’

‘नाही. मला वाटत होतं मी रोज जातो.’

त्याच आठवड्यात मिस्त्रीने त्यांना मागचा टायर दाखवला होता. नक्षी जवळपास कोरी, म्हणून हे खूश होते. मिस्त्रीने टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे वाचायला लावले: 3412. म्हणजे 2012 सालच्या 34व्या आठवड्यात बनलेला. बारा वर्षांचं रबर, लाकडासारखं कडक, बारीक भेगा पडलेलं. नक्षी झिजली नव्हती, कारण गाडी फिरलीच नव्हती. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला तो टायरसाठी नव्हता.

मी नोंदी पुन्हा वाचल्या. तीनही ठिकाणं वेगवेगळी, काम किरकोळ. भावाच्या घरी, वाचनालयात, माझ्याकडे. काही धागा सापडेना.

धागा सापडला तो खिडकीतून. सत्र संपून ते खाली गेले आणि मी सहज बाहेर पाहिलं. आमच्या इमारतीसमोरचा रस्ता चढाचा आहे. सगळ्या गाड्या जशा आल्या तशा, चढाकडे तोंड करून उभ्या. यांची एकटी उलटी, उताराकडे. ते गाडीवर बसले, किकला हातही लावला नाही. स्टँड काढला, गाडी सोडली, दहा-बारा हात गेल्यावर दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, आणि धडधड करत गाडी चालू झाली.

पुढच्या वेळी मी वही बाजूला ठेवली. ‘भावाच्या घरासमोर उतार आहे का हो?’

ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

दोन वर्षांपूर्वी घाईत किक मारली होती. अशा मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनाला किक मारायची रीत असते. हेडलाइटच्या वर अँपिअर मीटर, म्हणजे वीजप्रवाह दाखवणारा काटा, असतो. त्याचा काटा मधे येईपर्यंत किक अलगद खाली न्यायची, मगच मारायची. पिस्टन योग्य जागी नसताना मारली की किक उलटी येते. त्यांची आली. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी किक बंद म्हणून सांगितलं. घरी ते ‘बरा आहे पाय’ म्हणत राहिले. तेव्हापासून ज्या ठिकाणी उतार आहे, तेवढ्याच ठिकाणी जायचं. दर रविवारी ज्या मित्राकडे बैठक असायची, त्याचं घर सपाटीला. तिथे जाणं दीड वर्षापूर्वी सुटलं. मित्राला कारण ठाऊक नाही. बायकोला वाटतं, दोघांचं काही बिनसलं.

प्रश्न गाडी विकायची की नाही असा होता आणि आम्ही तीन सत्रं त्याच्याशी झटत होतो. बटणावर चालू होणारी गाडी घेतली, की आपल्याला किक मारता येत नाही हे जगजाहीर होणार. ते 17 मुद्द्यांत नव्हतं आणि 4 मध्येही नव्हतं.

सेल्फ स्टार्ट जुन्याच गाडीला बसवता येईल का, हेही आम्ही तपासलं. त्यांच्या मिस्त्रीने, इंजिनाची अख्खी एक बाजू बदलावी लागेल, नाद सोडा, असं सांगितलं.

मुलीशी बोलायला मी त्यांना सुचवलं. ‘तुझ्यासाठी ठेवू का, हे नीट विचारा. तिच्या वतीने तुम्हीच उत्तर देऊ नका.’ आठवणींचा सांभाळ करणारा माणूस बऱ्याचदा दुसऱ्याचीही आठवण आपल्या खांद्यावर घेऊन बसतो, न विचारता. लहानपणी ती टाकीवर बसायची, दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरून. त्यांना वाटत होतं, तिला ती गाडी हवी आहे.

फोन झाला. ती म्हणाली, ‘मला गाडी नको हो बाबा. तुम्ही ती चालवताय, एवढं मला वाटत राहायला हवं.’

मग त्यांनी तिला गुडघ्याचं सांगितलं. आधी मुलीला, दुसऱ्या दिवशी बायकोला. बायकोने म्हणे फक्त एवढंच विचारलं, ‘म्हणून तुम्ही भाजी आणायला खालच्याच बाजारात जाता होय?’ तिला उताराचं कोडं बहुधा माझ्याआधी सुटलं होतं.

निर्णय अजून झालेला नव्हता, हे मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं, मूळ दुखणं सापडलं की पुढचं आपोआप होतं. तसं क्वचितच होतं. पण आता गाडीचा प्रश्न गाडीएवढा झाला होता, आणि तेवढ्या आकाराचा प्रश्न सोडवता येतो. मी त्यांना विचारलं: समजा यातली एकही गाडी तुमची नाही. दोन्ही शेजारी उभ्या आहेत, दोन्ही विकायला. आजच्या गुडघ्याने, आजच्या कामांसाठी, कुठली घरी न्याल?

‘एकही नाही,’ ते पटकन म्हणाले आणि स्वतःच दचकले.

नवं मॉडेल त्यांनी चालवून पाहिलं होतं आणि ते आवडलं नव्हतं. ‘चेहरा तोच, आत माणूस दुसरा.’ शिवाय जड. सिग्नलला पाय टेकला की त्याच गुडघ्यावर भार. नावाच्या मोहाने ते त्याच नावाच्या गाडीभोवती घुटमळत होते. तिच्याऐवजी दुसरी, हलकी, सीट खाली असलेली, एबीएसवाली गाडी बघावी, हे त्या एका उत्तरामुळे सुचलं. जुनं देऊन त्याच नावाचं नवं घेऊ पाहणाऱ्यांना मी आता हे आवर्जून विचारते: तुम्हाला गाडी हवी आहे की तीच गाडी पुन्हा तरुण झालेली हवी आहे?

जुनी विकायची ठरली, पण एक्स्चेंजमध्ये नाही. कुणाकडे जाते ते त्यांना बघायचं होतं. मग त्यांना आणखी एक कल्पना सुचली: घेणाऱ्याशी बोलून ठेवायचं, सहा महिन्यांत वाटलं तर परत घेईन. इथे मी सल्ला देण्याचा मोह आवरला नाही. 2002 मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. आपण काढलेल्या दोन फोटोंतला एकच ठेवायचा. काहींना नंतर बदलायची मुभा, काहींना नाही. मुभा नसलेल्यांना आपला फोटो पुढे जास्त आवडला. परतीचं दार उघडं असलं की माणूस त्या दारातच उभा राहतो. या वेळी त्यांनी कपासारखं उलट काही विचारलं नाही.

घेणारी मुलगी निघाली, पंचविशीतली, पुस्तकं वाचून किक शिकलेली. विकण्याआधी त्यांनी नवे टायर घातले, ब्रेकचे लायनर बदलले, किकच्या पेडलवरचं गुळगुळीत झालेलं रबर काढून नवं बसवलं. जुनं रबर ठेवून घेतलं. अख्खी सकाळ त्यांनी तिला शिकवण्यात घालवली. डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी, लिव्हर दाब. हळू. काट्याकडे बघ, पायाकडे नको. आला मधे? लिव्हर सोड. किक वर येऊ दे. आता पायाने नाही, अंगाने. पहिली फुकट गेली, दुसरी फुकट गेली. तिसऱ्या वेळी तिने काटा न बघताच पाय उचलला, आणि हे इतक्या जोरात ओरडले म्हणे, की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

चौथ्या किकला गाडी चालू झाली. ‘चोक बंद कर आता,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना गाडीचा आवाज मागून ऐकू आला.

शेवटच्या सत्राला ते नव्या गाडीवर आले. पाऊण तास आम्ही मित्राच्या बैठकीबद्दल बोललो, रविवार पुन्हा सुरू झाले होते. मित्र दीड वर्षाचा हिशेब रोज थोडा थोडा चुकता करत होता. ते उतरून गेल्यावर मी सवयीने खिडकीपाशी गेले. बटणावर चालू होणारी गाडी, आणि तोंड उताराकडेच.