लंडनमध्ये एकच दिवस आहे आणि सोबत 5 आणि 9 वर्षांची मुलं. बिग बेन, लंडन आय हा महाकाय पाळणा, टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला, मादाम तुसाँचं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम, बकिंगहॅम राजवाडा, सगळं होईल का?

होईल हो, पण मग दिवसभर रांगाच बघून होतील. मी लंडनमध्येच राहते, आणि भारतातून कोणी आलं की त्यांना फिरवायची ड्युटी माझीच असते, म्हणून स्पष्ट सांगते, यादीतून तुसाँ, आय आणि टॉवर तिन्ही काढून टाका. टॉवर भारी आहे, त्यात वादच नाही, पण त्याला निम्मा दिवस जातो आणि तो पार पूर्वेला आहे. लंडन आय 135 मीटर उंच, एका चकरीला अर्धा तास, मोठ्यांना मस्त वाटतं पण पाच वर्षांचं पोर दहाव्या मिनिटाला 'आता खाली जाऊया' म्हणायला लागतं आणि तिथून मधेच उतरता येत नाही. वेस्टमिन्स्टर ब्रिजवरून बघा, पुरेसं आहे.

आता माझा प्लॅन. सकाळी दहाला नॅचरल हिस्टरी म्युझियम, साउथ केन्सिंग्टनला. एंट्री फुकट, पण वेबसाइटवर वेळेचं फ्री तिकीट आधी काढून ठेवा, सुट्टीच्या दिवसांत फार गर्दी असते. दहाला उघडतं तर दहालाच पोचा, अकरानंतर डायनासोरच्या दालनात मुंगीला जागा नसते. आधी तिथंच घुसा, हलणारा डरकाळ्या फोडणारा टी-रेक्स आहे, धाकटं घाबरेल असं वाटलं तर उचलून घ्या आणि पुढं चला. मग मोठ्या हॉलमध्ये वर बघा, निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, 25.2 मीटर लांब, 'होप' नाव त्याचं. 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेलेला देवमासा आहे तो, आणि 2017 पासून हॉलमध्ये आहे, त्याआधी तिथं डायनासोरचा सांगाडा असायचा. मुलांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालायला लावा, नुसता आकडा सांगून त्यांना काही कळत नाही. एक्झिबिशन रोडकडच्या बाजूला एक सरकता जिना आहे, तो पृथ्वीच्या भल्यामोठ्या गोळ्याच्या पोटातून वर जातो, तो चुकवू नका. बाकी दालनं सोडून द्या. शेजारीच सायन्स म्युझियम आहे, तेही फुकट, मोह होईल, पण एका सकाळी दोन म्युझियम केली की मोठे दमतात आणि मुलं एकमेकांना बुकलायला लागतात.

निघायच्या आधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा, लागलेली नसली तरी. ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, बऱ्याच स्टेशनांवर टॉयलेट नसतं. जेवण म्हणजे सुपरमार्केटमधून मील डील (सँडविच, खाऊ आणि पेय एकत्र) उचला आणि कुठंतरी गवतावर बसून खा, मुलांना घेऊन रेस्टॉरंटमध्ये बसलात की तासभर तिथंच जातो.

मग एक्झिबिशन रोडवरून सरळ वर चालत रॉयल अल्बर्ट हॉलपाशी या आणि 9 नंबरची बस पकडा. वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढची सीट! ती रिकामी नसेल तर पुढच्या बसची वाट बघा, खरंच. माझ्याकडं आलेल्या बहुतेक पोरांना दिवसातलं सगळ्यात जास्त काय आवडलं विचारलं तर ही बसच सांगतात, झाडाच्या फांद्या काचेला घासतात आणि वळणावर वाटतं की आता समोरच्या खांबाला धडकलोच. टुरिस्ट बसवर पैसे घालवायची गरजच नाही. अकरा वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट आणि ट्यूबमध्येही तिकीट काढलेल्या मोठ्या माणसासोबत फुकट, म्हणजे तुमच्या दोघांचं काहीच लागणार नाही. तुम्ही नवराबायको मात्र प्रत्येकाने आपापलं कॉन्टॅक्टलेस कार्ड वापरा, एका कार्डवर दोघं जाता येत नाही, आणि दिवसभर तेच कार्ड टॅप करा, सकाळी कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनवरून असं केलं तर मशीन ती दोन वेगळी धरतं आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा, म्हणजे ठराविक रकमेच्या वर त्या दिवशी भाडं न कापण्याचा, फायदा जातो. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत.

ग्रीन पार्कला उतरा. पार्कातून खाली चालत आलात की समोर राजवाडाच, बाहेरून बघा, फोटो काढा, पाच मिनिटं. गार्ड बदलण्याचा कार्यक्रम अकराला असतो आणि तो बहुतेक करून सोम-बुध-शुक्र-रवि, पण मुलांना घेऊन मी कोणालाच सुचवत नाही, पाऊण तास आधी जाऊन उभं राहा आणि मग मुलांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. त्याऐवजी समोरच्या सेंट जेम्स पार्कात शिरा. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत, पहिले 1664 मध्ये रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिलेले, आणि त्यांना साधारण अडीच वाजता मासे घालतात. तिथंच राजवाड्याच्या टोकाला खेळायची जागा पण आहे. इथं घाई करू नका, मुलांना मोकळं सोडा आणि तुम्ही बाकावर पाय पसरून बसा. खरं सांगू का, त्यांना घसरगुंडी भारतातलीही चालली असती, पण तासभर खेळली की पुढचे दोन तास कुरकुर न करता चालतात.

पार्क ओलांडून हॉर्स गार्ड्सला चारच्या थोडं आधी पोचा, व्हाइटहॉलच्या बाजूच्या चौकात. चार वाजता घोडेस्वार पहाऱ्याची तपासणी होते. गोष्ट अशी सांगतात की 1894 मध्ये राणी व्हिक्टोरिया अचानक आली तर पहारेकरी दारू पीत जुगार खेळत बसलेले, मग तिने शिक्षा म्हणून शंभर वर्षं रोज चारला तपासणी करायचा हुकूम काढला. शंभर वर्षं 1994 लाच संपली, तरी अजून चालूच आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, मग बघा तो किती लक्ष देऊन उभा राहतो. राजवाड्याच्या मानाने इथं गर्दी काहीच नसते, मुलं अगदी पुढं उभी राहू शकतात. घोड्यांना हात लावू देऊ नका, चावतात, तशी पाटीच लावलेली आहे.

तिथून वेस्टमिन्स्टर ब्रिज सात-आठ मिनिटांवर, पाचच्या ठोक्याला पुलावर असाल तर बिग बेनचे टोले ऐकायला मिळतात. बिग बेन हे घंटेचं नाव, मनोऱ्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, पण बोलताना कोणी म्हणत नाही. लंडन आय समोरच आहे, म्हणजे तुमच्या यादीतलं तेही झालं.

मुलांमध्ये एवढ्यावरही दम शिल्लक असेल तर पुलाखालच्या धक्क्यावरून बोटीने टॉवरपर्यंत जाऊन या, तेच कार्ड चालतं, आणि टॉवर ब्रिज खालून बघायला मिळेल. नसेल तर वेस्टमिन्स्टरची ट्यूब पकडून सरळ हॉटेल. वाटेत रीजंट स्ट्रीटवर हॅम्लीजमध्ये 'नुसतं बघायला' म्हणून शिरू नका, सात मजली खेळण्यांचं दुकान आहे, रिकाम्या हाताने बाहेर पडलेला बाप अजून माझ्या पाहण्यात नाही. आणि जूनमध्ये येत असलात तरी मुलांची रेनकोट जॅकेटं बॅगेत असू द्या, छत्री नको, वाऱ्यात उलटी होते.