बीटल्स, लेड झेपेलिन, निर्वाणासारखे युग घडवणारे रॉक बँड आता का होत नाहीत?

चांगले बँड आजही आहेत. पण सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकण्याचा काळ संपला, हे मला मुख्य कारण वाटतं. फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले, तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिलं. पुढे 1981 पासून एमटीव्ही या संगीतवाहिनीने तेच काम केलं. आता प्रत्येकाची प्लेलिस्ट वेगळी, त्यामुळे अख्ख्या पिढीचा असा एक आवाज उरत नाही.

दुसरं कारण मला जास्त सलतं. बँड मुरायला वेळ लागतो. बीटल्स 1960 ते 1962 दरम्यान जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र तासन्‌तास वाजवत होते, तिथेच ते घडले. चार-पाच जणांनी वर्षानुवर्षं एकत्र तालीम करायची, भांडायचं, पुन्हा वाजवायचं, याला जागा लागते, पैसा लागतो. आज एकटा माणूस लॅपटॉपवर अख्खं गाणं बनवतो. कंपन्यांनाही एकाच गायकाचा चेहरा विकणं आणि सांभाळणं सोपं जातं. शिवाय 1999 मध्ये नॅपस्टर ही इंटरनेटवरून गाणी फुकटात एकमेकांना देण्याची सेवा आल्यावर अल्बमविक्री कोसळत गेली आणि नव्या बँडवर तीन-चार अल्बम धीर धरण्याची कंपन्यांची तयारीही आटली.

गिटारचं बंड हिप-हॉपकडे गेलं, हेही आहेच. तरीही चार माणसं एका खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवतात तेव्हा जे निर्माण होतं, ते लॅपटॉपवर एकट्याने साधत नाही, असं मला ठामपणे वाटतं.