३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर ३ मार्च कसा येतो?

प्रश्न : नमस्कार ताई, काकांच्या जिमसाठी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत मेंबरशिपचा छोटा प्रोग्रॅम केलाय. जॉइन झालेल्या तारखेला ‘प्लस वन मंथ’ करून पुढच्या फीची तारीख काढतो. बाकी सगळ्यांचं बरोबर येतं पण ३१ जानेवारी २०२५ ला आलेल्या एकाची पुढची तारीख थेट ३ मार्च आली, फेब्रुवारी गायबच. मित्र म्हणतो सरळ ‘प्लस थर्टी डेज’ कर. करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार! आधी मित्राचं सांगते, नका करू. तीस-तीस दिवसांनी फी घेतली तर बारा हप्ते ३६० दिवसांतच संपतात, म्हणजे मेंबरचे वर्षाला पाच दिवस जातात आणि तारीखही दर थोड्या दिवसांनी मागे सरकत राहते. ५ तारखेला पैसे भरणाऱ्या माणसाला ५ तारीखच लक्षात असते हो, ती त्याची पगाराशी जुळवलेली असते.

आता ३ मार्च कुठून आला ते. पीएचपी फक्त महिन्याचा आकडा एकने वाढवतं, दिवस तसाच ठेवतं. झाली ३१ फेब्रुवारी. अशी तारीख नाही म्हटल्यावर २८ च्या पुढचे तीन दिवस ते मार्चमधे ढकलतं. २०२४ सारख्या लीप वर्षात हेच २ मार्च आलं असतं. गंमत म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसला हाच हिशोब सांगितला की ते २८ फेब्रुवारी देतं, त्यामुळे अर्धा हिशोब डेटाबेसमधे आणि अर्धा पीएचपीमधे असेल तर दोन स्क्रीनवर दोन तारखा दिसणार, ते एकदा तपासून घ्याच.

उपाय असा. जॉइन तारखेच्या महिन्याची १ तारीख घ्या, तिच्यात हवे तेवढे महिने मिळवा (१ तारीख प्रत्येक महिन्यात असतेच त्यामुळे ती कधी घसरत नाही), मग त्या महिन्यात दिवस किती ते डेट फंक्शनला छोटा ‘टी’ देऊन विचारा आणि मूळ दिवस व हा आकडा यातला लहान तो घ्या. ३१ आणि २८ मधला लहान २८, म्हणजे २८ फेब्रुवारी. लहानपणी मुठीवर महिने मोजायचो ना, उंचवट्यावर ३१ आणि खळग्यात ३० (फेब्रुवारी सोडून), तसंच आहे हे.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, दर वेळी मूळ जॉइन तारखेपासूनच मोजा. मागच्या फीच्या तारखेत एक महिना मिळवत गेलात तर ३१ जानेवारीचा माणूस फेब्रुवारीत २८ वर येतो आणि मग मार्च, एप्रिल, मे सगळीकडे २८ वरच अडकतो. मूळ तारखेत दोन महिने मिळवलेत की बरोबर ३१ मार्च येतो. म्हणून टेबलमधे जॉइन तारीख कायम जपून ठेवा, तिच्यावर अपडेट मारू नका. कोडमधेही डेटटाइमऐवजी डेटटाइमइम्युटेबल वापरा, कारण साध्या डेटटाइममधे महिना मिळवला की मूळ ऑब्जेक्टच, म्हणजे त्यात ठेवलेली मूळ तारीखच, बदलतो आणि चूक शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

जिम आहे म्हणून अजून एक. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा! पहिल्या बॅचला फॉर्म भरणाऱ्याची जॉइन तारीख कालची पडेल आणि पुढच्या सगळ्या तारखा एक दिवस मागे जातील. त्यामुळे सुरुवातीलाच टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ सेट करा.

बदल झाला की ३० जानेवारी, ३१ ऑगस्ट आणि २९ फेब्रुवारी २०२८ या तीन जॉइन तारखा टाकून पुढच्या बारा महिन्यांची यादी छापून बघा. शेवटच्या तारखेला वर्षाचं पॅकेज लावलं तर ‘प्लस वन इयर’ १ मार्च २०२९ देईल आणि वरच्या पद्धतीने २८ फेब्रुवारी येईल, त्यातलं कुठलं चालेल ते मात्र काकांनाच विचारा.