येत्या वर्षाचा आराखडा आखताना

बायबलचा संपूर्ण नवा करार स्थानिक भाषेत भाषांतरासाठी एकदम हाती घेण्याचा उत्साह आवरून आपण उभयतांनी 16 अध्यायांच्या, कथाप्रधान अशा मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. कच्चा मसुदा तुलनेने लवकर होतो. खरा वेळ जातो तो स्थानिक श्रोत्यांना उतारा वाचून दाखवून ‘हे कोण कोणाला म्हणाले?’ असे विचारण्यात, उलट-भाषांतर (मसुद्याचे सल्लागारांना कळणाऱ्या भाषेत पुन्हा भाषांतर) करण्यात आणि भाषांतर-सल्लागारांच्या तपासणीत. सल्लागार एकाच वेळी अनेक प्रकल्प सांभाळत असल्याने त्यांची तारीख आधी मिळवावी व बाकीचे वेळापत्रक तिच्याभोवती बसवावे. सुगीच्या दिवसांत सहभाषांतरकार फिरकणार नाहीत, हे गृहीतच धरावे (आणि त्याचा राग मानू नये). व्हिसाचे नूतनीकरण, मुलांच्या परीक्षा आणि देणगीदारांच्या भेटींसाठीची रजा मात्र एकाच महिन्यात येऊ देऊ नये.