वाचक विचारतात : भाडेकरू आणि सरकारी मदत

प्रश्न : बेळगावच्या वडगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. घरचे यंत्रमागावर कामाला जातात. सरकार गरिबांचं घरभाडं भरतं, फॉर्म सुटलेत, असं सांगत एकजण पाचशे रुपये मागतोय. द्यावेत का?
— एक वाचक, वडगाव

देऊ नका. साध्या भाडेकरू कुटुंबाच्या हातात दरमहा भाडं ठेवणारी योजना ना कर्नाटक सरकारची आहे, ना केंद्राची. ही समजूत कुठून आली असावी याचा अंदाज बांधता येतो. २०१९ च्या महापुरानंतर ज्यांची घरं पूर्ण पडली, त्यांना १० महिने दरमहा ५,००० रुपये भाडं देण्याची घोषणा राज्य सरकारनं केली होती. ती पूरग्रस्तांपुरती होती. दुसरं म्हणजे २०२४ मध्ये आलेल्या शहरी पंतप्रधान आवास योजना २.० मध्ये ‘परवडणारी भाड्याची घरं’ असा एक भाग आहे. त्यातही रोख पैसे मिळत नाहीत, कमी भाड्याची घरं उभी करायची कल्पना आहे. तो फॉर्म भरला म्हणून आत्ता राहता त्या खोल्यांचं भाडं कुणी देणार नाही.

मात्र लाईट बिलाचा भार तुम्हाला आजच उतरवता येईल आणि तो हक्क भाडेकरूलाही आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती मीटरच्या २०२२-२३ मधल्या मासिक सरासरीवर १० टक्के जास्त धरून तेवढे युनिट मोफत मिळतात. सरासरी ७० असेल तर ७७ युनिट फुकट. ९० वापरले तर वरच्या १३ युनिटांचे पैसे भरायचे. पण २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल अंगावर येतं. सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून मिळतात. हा बदल जानेवारी २०२४ चा.

अर्ज राज्य सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर करा, नाहीतर कर्नाटक वन, ग्राम वन या सेवा केंद्रांत किंवा हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात. आधार, बिलावरचा ग्राहक खाते क्रमांक आणि तुम्ही तिथं राहता याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. त्या मीटरला आधीच्या भाडेकरूचं किंवा मालकाचं आधार जोडलेलं असतं. ते आधी तोडून घ्यावं लागतं. तुम्ही स्वतः घर बदललं असेल तर जुन्या घराच्या मीटरवरचं तुमचं आधारही सोडवा, कारण एका आधारवर एकच मीटर चालतो. आणखी एक गोष्ट तपासा : तुमच्या खोल्यांना हेस्कॉमचा स्वतंत्र मीटर आहे का? मालकानं आपल्या मीटरवरून सबमीटर दिला असेल तर तुमच्या नावे अर्ज होत नाही. अशा वाड्यांत मालकाला शून्य बिल येतं आणि भाडेकरू मात्र युनिटमागे पैसे मोजतो. हे उघड अन्याय्य आहे. भाडं ठरवतानाच लाईटचा विषय काढलेला बरा.

प्रश्न : मालक करार करून द्यायला तयार नाहीत. म्हणतात, कोर्टकचेरी नको. आमचे पाहुणे चंदगडहून बॉण्ड पेपर आणून देतो म्हणतात. चालेल?
— एक वाचक, अनगोळ

चंदगडचा बॉण्ड नको. चंदगड महाराष्ट्रात येतं. घर कर्नाटकात आहे, तर मुद्रांकही कर्नाटकाचाच हवा. इथं ई-स्टॅम्प मिळतो, तो घ्या.

मालकांची भीती बहुधा नोंदणीची असते. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणूनच सगळीकडे ११ महिन्यांचा करार करतात. तो नोंदवावा लागत नाही आणि मुदत संपली की नवा करता येतो. हे मालकांना शांतपणे समजावून सांगा, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

करारात दोघांची नावं आधारवर आहेत तशीच लिहा. घर क्रमांक, भाडं, डिपॉझिटची रक्कम, ती परत कधी द्यायची आणि दोन साक्षीदार हे हवंच. त्यात मीटरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, जरूर घाला. तो सहसा कुणी घालत नाही आणि मग एकाच वाड्यातल्या चार मीटरांपैकी तुमचा कोणता, यावरून गृहज्योतीचा अर्ज परत येतो. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत करून घ्या. मराठीत लिहिलेला करार दोघांना बांधतोच, पण काउंटरवरच्या माणसाला तो वाचता आला नाही तर हेलपाटे तुमच्याच वाट्याला येतात. घरात मराठी प्रत ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न : मुलगी बेळगावात डिग्रीला आहे. हॉस्टेल मिळालं नाही, खोली घेऊन राहते. आम्ही मराठा. काही मदत आहे का?
— एक पालक, खानापूर तालुका

आहे, आणि खऱ्या अर्थानं भाड्याला उपयोगी पडणारी हीच. मागासवर्ग कल्याण खात्याची ‘विद्यासिरी’. वसतिगृह न मिळालेल्या दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांना जेवण आणि राहण्यासाठी दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचे १५,००० मिळतात. मराठा समाज कर्नाटकात ३ ब प्रवर्गात येतो, त्यामुळे जात बसते. पुढचा प्रश्न उत्पन्नाचा. प्रवर्गानुसार मर्यादा वेगळी असते, ती त्या वर्षीच्या सूचनेत पाहा.

आधी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, जात-उत्पन्न दाखला काढा. त्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा क्रमांक असतो, तोच राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर टाकायचा. वसतिगृहासाठी रीतसर अर्ज केलेला हवा. ‘जागा नाही’ असं तोंडी ऐकून परत आलात तर तुमच्याकडे पुरावा काहीच राहत नाही. गाव कॉलेजच्या शहरापासून किमान ५ किलोमीटर दूर हवं आणि हजेरी ७५ टक्के.

पैसे अडतात ते बँकेत. पासबुकाला आधार जोडलंय एवढ्यावर भागत नाही, सरकारी अनुदानासाठी आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं त्याच खात्यात रक्कम पडते. मुलीचं जुनं शाळेतलं खाते बंद पडलं असेल तर बँकेत जाऊन नव्या खात्याला ‘एनपीसीआय मॅपिंग’ करून मागा.

प्रश्न : भाड्यातून सुटून स्वतःचं घर बांधायचं आहे. पण वडिलांचं चंदगडला पक्कं घर आहे. आवास योजनेत नाव कापतील का?
— एक वाचक, शहापूर

भारतात कुठंही पक्कं घर नको, ही अट खरी आहे. पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तुम्ही विवाहित असाल आणि चंदगडचं घर फक्त वडिलांच्या नावावर असेल तर तेवढ्यानं अर्ज बाद होत नाही. उताऱ्यावर तुमचं किंवा पत्नीचं नाव लागलं असेल तर मात्र अवघड आहे. गेल्या २० वर्षांत दुसऱ्या कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, अल्प उत्पन्न गटासाठी ६ लाखांपर्यंत.

प्रश्न : पावसात भाड्याच्या घराची भिंत पडली. नुकसानभरपाई आम्हाला की मालकाला?
— एक वाचक, खानापूर

घराची भरपाई मालकाला. पण २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये अशी वेगळी तरतूद आहे. ती घर वाहून गेलेल्या, पूर्ण पडलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या कुटुंबांसाठी आहे. नुसती एक भिंत पडून आतलं सामान शाबूत असेल तर त्यात बसणं कठीण. बसत असाल तर मलबा उचलण्याआधी घर क्रमांक दिसेल असे फोटो काढा, तहसीलदारांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या आणि पंचनाम्यात ‘राहणारे कुटुंब’ म्हणून तुमचं नाव लिहिलंय का ते सही करण्यापूर्वी वाचून घ्या.