वाचकांचे प्रश्न : घरी चालणारी रक्ताच्या कॅन्सरची केमो

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला एएलएल (मुलांमध्ये आढळणारा रक्ताचा कॅन्सर) आहे. दवाखान्यातली मोठी केमो झाली. आता दोनेक वर्षं घरी गोळ्या द्यायच्या आहेत : ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) रोज रात्री एक आणि मिथोट्रेक्सेट दर सोमवारी सहा. दुधाशिवाय त्याच्या घशाखाली गोळी उतरत नाही, दूध चालेल का? आणि एकदम सहा देण्याऐवजी रोज एक दिली तर? – एक आई, सांगोला

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. रोज एक अजिबात देऊ नका. मिथोट्रेक्सेटचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, चौरस मीटरला साधारण २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाचा पृष्ठभाग ०.८ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे १६ मिलिग्रॅम, म्हणून २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या (१५ मिलिग्रॅम). त्या एकाच दिवशी घेतल्या की उरलेल्या सहा दिवसांत तोंडाचं व आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा सावरतात. रोज एक दिली तर सावरायला वेळच मिळत नाही. बेरीज तीच, पण तोंड सोलपटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. घरच्या केमोतली सगळ्यात घातक चूक हीच. पाकिटावर ठळक ‘सोमवार’ लिहा, ६-एमपीच्या पाकिटापासून वेगळ्या डब्यात ठेवा. दुकानातून आणताना दर वेळी पट्टीवरचा आकडा वाचा, कारण २.५ ऐवजी १० ची गोळी हाती आली तर डोस चौपट होतो. चूक झालीच तर तोंड येण्याची वाट न पाहता लगेच वॉर्डात फोन करा. त्यावर फोलिनिक ॲसिड देतात. घरात असलेलं फोलिक ॲसिड त्याची जागा घेत नाही.

आता दूध. दुधातलं झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर ६-एमपी मोडतं, म्हणून पूर्वी सक्त मनाई असे. पण पुढच्या पाहणीत दुधाबरोबर घेणाऱ्या मुलांत आजार जास्त उलटल्याचं दिसलं नाही. चुकलेल्या गोळ्यांनी मात्र उलटतो : शंभरातल्या पाचांहून जास्त चुकल्या की धोका वाढतो, आणि महिन्यात दोन चुकल्या की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून डॉक्टरांना सांगून दुधाबरोबर द्या, पण रोज द्या. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. रक्तातल्या पेशींचा काउंट पाहून डोस कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम. मूल हसतं-खेळतं आहे म्हणून गोळी बंद करू नका.

गोळी कुटू नका, भुकटी श्वासात जाते. हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं गोळ्या हाताळू नयेत. ताप १०१ फॅरनहाइट एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तरी रात्र न पाहता दवाखाना गाठा. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका.

प्रश्न : सत्तर वर्षांच्या आईंना ॲझासिटिडिन या केमोच्या इंजेक्शनसाठी सात दिवस रोज ६० किलोमीटर न्यावं लागतं. गावातली नर्स घरी देईल का? – एक वाचक, जत

उत्तर : पहिली फेरी दवाखान्यात नीट पार पडली असेल आणि त्याच दवाखान्याची देखरेख असेल, तर विचारायला हरकत नाही. औषध मात्र स्वयंपाकघरात कालवायचं नाही, ते दवाखान्याच्या केमो-कक्षातच. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत ४ मिली पाणी घालतात. आईंचा पृष्ठभाग १.५ चौरस मीटर असेल तर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं साधारण ११२ मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार मिली. चार मिलीहून जास्त असल्यानं ते दोन सिरिंजमध्ये, दोन जागी टोचतात. थंड न केलेल्या इंजेक्शनच्या पाण्यानं कालवलेलं औषध लगेच थंड ठेवलं तर २ ते ८ अंशांत आठच तास टिकतं, म्हणून बर्फाच्या डब्यात आणा, पण गोठू देऊ नका. टोचण्याआधी जास्तीत जास्त अर्धा तास बाहेर ठेवा आणि सिरिंज तळहातांत घोळवा. सारखं दुधाळ झालं नाही, गुठळ्या राहिल्या, तर ते देऊ नये. रोज जागा बदलायची, जुन्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर. सुया कचऱ्यात नकोत, जाड डब्यात घालून दवाखान्यात परत.

व्हिन्क्रिस्टिनसारखी शिरेतून द्यायची औषधं मात्र कुणीही घरी देऊ नयेत. शिरेबाहेर थेंब गेला तरी कातडं, स्नायू जळतात.